कूराची वर्गणी

मी हिशेबनीस. मला कोड येत नाही, बेरीज येते.
म्हणून तार्मोने मला बोलावलं
ओउलूत, बंद पडलेल्या स्केटच्या दुकानावरच्या खोलीत,
जिथे अजून घासलेल्या लोखंडाचा वास आहे,
आणि विचारलं: ऐला,
मेलेल्या गोष्टीला वर्षाला चाळीस युरो
कोणी देईल का?

कंपनीने कूरा बंद केली तो गुरुवार होता,
म्हणजे कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप.
सगळ्यांच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत साहेब थांबले,
मग सांगितलं.
कूरा म्हणजे रात्रीतून गवतावर चढणारं पांढरं,
ऊन आलं की जाणारं.
फोनच्या प्रणालीला हे नाव ठेवताना
कोणाच्या मनात आलं नसेल.

कडेवरून अंगठा आत ओढला
की पडद्यावरचं पान अलगद बाजूला होतं.
त्या अलगदपणावर तार्मोने नऊ महिने घातलेत.
हक्क त्याला जवळजवळ फुकट मिळाले,
लोक जुनं कपाट देतात तसे:
न्या, पण जिन्यावरून तुम्हीच उतरवा.

अकरा हजारांनी लिहिलं, आम्ही आहोत.
पैसे भरले सहाशे बारा जणांनी.
मी पुन्हा मोजले. सहाशे बाराच.
चोवीस हजार चारशे ऐंशी,
त्यातून कर, सर्व्हर, खोलीचं भाडं,
आणि तार्मोचा अर्धा पगार, जो तो घेत नाही.
तोंडमिळवणी होत नव्हती.
मी पेन्सिलने लिहिलं, म्हणजे खोडता यावं.

उत्सयोकीचा पिएतारी रेनडिअर राखतो.
त्याने कळवलं: तुमचा फोन मला काही सुचवत नाही.
चाळीस त्याचेच.
तांपेरेची एक मुलगी, वय एकोणीस,
कूरा विकली जायची तेव्हा ती अक्षरं गिरवत होती,
तिने जुन्या बाजारात फोन घेतला, का ते लिहिलं नाही.
कोटकाचे सेव्हेरी, बंदरातून निवृत्त,
त्यांनी फक्त तक्रार पाठवली:
गजर तीन सेकंद उशिरा वाजतो. दुरुस्त करा.
सोबत ऐंशी युरो, दोन वर्षांचे.

विकलेली वस्तू एकदाच विचारते, हवी का?
वर्गणी दर वर्षी दारात येते
आणि म्हणते, अजून?

नोव्हेंबरात बँकांची पत्रं आली.
जुन्या प्रणालीवर आता बँक उघडणार नाही,
आणि इथे बँक उघडली नाही
तर दवाखाना उघडत नाही, करखातं उघडत नाही.
लोकांनी दुसऱ्या खिशात दुसरा फोन ठेवला.
कूराची वर्गणी कूरावरून भरता येईना.
काहींनी दुसऱ्या फोनवरून भरली,
थोडं ओशाळून, असं मला वाटलं,
काहींनी पाकिटात नोटा घालून पाठवल्या,
एकाने नाणी, चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर लावून.
बाकीच्यांनी काहीच पाठवलं नाही.
त्यांना दोष कसा द्यायचा?
माझ्या पिशवीतला फोन तरी कुठे कूराचा आहे.

वर्षअखेरीस राहिले तीनशे नव्वद.
तार्मो म्हणाला, सांग आता.
त्याच्या टेबलावर सेव्हेरींचं नवं पत्र होतं:
गजर आता दोन सेकंद लवकर वाजतो.
सोबत पैसे नव्हते. तळाशी एक ओळ,
पुढच्या वर्षाचे दिलेत, वही बघा.

मी वही बघितली. दिले होते.
आगाऊ आलेली रक्कम ही कमाई नसते,
देणं असतं, हे मी शिकाऊ पोरांना
पहिल्या आठवड्यात सांगते.
तार्मोला म्हटलं, बंद करता येणार नाही,
कोटकाच्या म्हाताऱ्याचं एक वर्ष आपल्या अंगावर आहे.
आणि ते दोन सेकंद बघ.